पितळेची तार

पुनावळ्यातल्या जमिनी गेल्या तेव्हा ज्यांना थोडीफार अक्कल होती त्यांनी खोल्या बांधल्या. बाकीच्यांनी गाड्या उडवल्या, बार काढले, आणि आता जिथं त्यांचा ऊस उभा असायचा तिथल्याच टॉवरच्या गेटवर ते निळा शर्ट घालून शिट्ट्या वाजवतात. आपल्याच वावरात शिरणाऱ्या लोकांना सलाम ठोकतात. भैरूआबांनी खोल्या बांधल्या. त्यांचा पोरगा रविराज त्या भाड्याच्या पैशावर गाडी उडवतो.

तीन मजली इमारत आणि सगळ्यात वर पत्र्याची एक खोली. उन्हाळ्यात त्या खोलीत भाकरी थापून नुसती ठेवली तरी भाजून निघावी, म्हणून ती रिकामीच पडायची. त्या खोलीत एनोसा राहायचा. दक्षिण सुदानचा, तिथल्या झांदे लोकांतला. इकडं इंजिनिअरिंगला आला होता. शिक्षण संपलं, पण परत जाण्याचं काही जमेना. आसपासच्या सोसायट्यांत कुणी त्याला दारात उभं करत नव्हतं. तसा बोर्ड कुठंच नव्हता, वॉचमन नुसता रंग बघायचा आणि मान हलवायचा. आबांनी खोली दिली यात आबांचा मोठेपणा काही नव्हता. खोली दुसरं कुणी घेत नव्हतं आणि याला दुसरं कुणी देत नव्हतं.

तो आला तेव्हा एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात काठी.

आबा काठीकडंच बघत राहिले. छातीइतकी उंच, काळपट, तेल पिऊन पिऊन गुळगुळीत झालेली. वरच्या टोकाला माणसाचं डोकं कोरलेलं, लांबट, मागं निमुळतं होत गेलेलं. कपाळावर बारीक रेघा. डोळे मिटलेले, पण झोपल्यासारखे नाहीत, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखे. पोटावर ठेवलेले दोन हात आणि त्याच्याखाली काठीला पीळ. मुठीच्या जागी तो पीळ झिजून सपाट झालेला. आणि दोन ठिकाणी पितळेची तार गुंडाळलेली, वेढ्याला वेढा चिकटून.

“बघ शाले,” आबा बायकोला म्हणाले, “नवरीला वाकी घालावी तशी तार घातलीय.”

“करणीबिरणीचं काय नसंल ना?” शालनबाई दारातूनच म्हणाल्या.

“गप ए. देवाची काठी हाय ती. मला कळतंय.”

कळतंय, असं आबांना शेवटपर्यंत वाटत राहिलं. सगळा घोळ तिथंच झाला.

आता आबांना काठीतलं काय कळत होतं तेही सांगायला पाहिजे. गावच्या भैरोबाच्या काठीचा मान आबांच्या घराण्याकडे. जत्रेत काठी नाचवायची ती यांच्याच घरातल्या पुरुषानं. आबांनी ती ऐन जवानीपासून नाचवली, खांद्याला घट्टे पडेस्तोवर. मग एका जत्रेत नाचवता नाचवता काठी तडकली. तडकली म्हणजे खंडित झाली. खंडित मूर्ती पुजत नाहीत, घरात ठेवत नाहीत, जोडतही नाहीत. तिला हळदकुंकू वाहून, वाजतगाजत पाण्यात सोडायचं आणि तिच्या जागी नवी करून तिच्यात देव बोलवायचा. जुनी पाण्यात गेल्याशिवाय देव नवीत येत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गावानं रीतीनं जुनी सोडली. नवी मात्र जत्रा कमिटीतल्या पोरांनी फॅब्रिकेशनच्या दुकानातून करून आणली. स्टीलचा पाइप, वर फिरते दिवे, आत बॅटरी. आबांना कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

“आबा, वजनच न्हाई आता! एका हातानं नाचवा!” पोरं म्हणाली.

आबांनी ती हातात घेतली, परत दिली आणि घरी आले. तेव्हापासून काठी रविराज धरतो. त्याचे काठी धरलेले फोटो चौकाचौकात फ्लेक्सवर असतात. भावी नगरसेवक. देवाच्या काठीला लाइट मारलेला आणि याच्या दातांनापण.

त्यामुळं वरच्या खोलीतल्या परक्या पोराची लाकडाची काठी बघून आबांना काय वाटलं असेल, ते समजा.

एनोसा हळूहळू घरचा झाला. शालनबाईंना तो मावशी म्हणायचा. भाकरी हातावर घेऊन, ठेच्यानं वाहणारं नाक पुसत जेवायचा. आबांना सगळे आबा म्हणतात म्हणून तोही आबाच म्हणायचा. मराठी त्याला यायचं, तुटकं पण सरळ. एका दुपारी काठी मांडीवर घेऊन तो बसला होता तेव्हा आबांनी विचारलं, “पोरा, ही संगती घिऊन फिरतोस, ती कशापायी?”

“आबा, घरी जमीन आहे. यांबिओ शहराच्या पुढं. वर टेकडी, खाली ओढा. सागाची झाडं आहेत.”

“साग? तुमच्याकडं साग हाय?”

“खूप साग. लढाई आली, आम्ही पळालो. बाबा परदेशात, कॅम्पमध्ये मेला. आता लोक परत येतात. आमच्या जागेवर काका बसला. कागद काही नाही, कधीच नव्हता. आमच्या घरात काठी ज्याच्या हातात, जमिनीचं तो बोलतो. आजोबा बोलले, मग बाबा. बाबानं मला दिली.”

“आन् काका?”

“काका म्हणतो, काठी लढाईत हरवली. पोरगा खोटं बोलतो. खरी असेल तर आण. म्हातारे लोक बसतील, हातात घेतील, बघतील. मग मी बोलणार.”

आबा मांडीवर थाप मारून म्हणाले, “म्हंजी हा तुझा सातबारा म्हण की!”

सातबारा हा शब्द एनोसाला कुणी शिकवावा लागला नव्हता. पुनावळ्यात राहून त्याच्या कानावर दुसरं येत होतं काय? तो हसला. “हो आबा. लाकडाचा सातबारा.”

“मग जा की बाबा लौकर. सातबारा हातात आन् तू हितं माझ्या पत्र्याखाली भाजून घेतोयस.”

“पासपोर्ट संपला. नवा दिल्लीला मिळणार. थांबतो.”

आबांची जमीन हातात सातबारा असतानाच गेली होती. हे पोर निदान लाकूड घेऊन तरी भांडायला निघालंय, असं त्यांना वाटलं. ते मनापासून त्याच्या बाजूचे झाले. लाकडाला भुंगा लागू नये म्हणून त्यांनी करंजाचं तेल आणून दिलं. दोघं मिळून काठीला तेल चोळायचे आणि गेटजवळच्या भिंतीला, उन्हात, टेकवून ठेवायचे.

रविराजला हे आवडत नव्हतं. “आबा, त्या काळ्याला काढा. शेजारच्या सोसायटीतली बाई मला तोंडावर म्हणाली, तुमच्याकडं आफ्रिकन ठेवलाय, आमी तुमाला मत कसं द्यायचं?”

“तिला म्हनावं, मत नको दिऊ, पानी बी घिऊ नगंस. टँकर तुझाच जातोय ना तिच्याकडं?”

“तुमाला राजकारण कळत न्हाई.”

“न्हाईच कळत. कळलं असतं तर तुला जल्म दिला असता व्हय?”

एका सकाळी रविराज गाडी मागं घेत होता. काठी वाऱ्यानं म्हणा की कशानं म्हणा, भिंतीवरून घसरून आडवी पडली होती. कडाड् असा आवाज झाला. काठी पोटावरच्या हातांच्या खाली तुटून तिचे दोन तुकडे झाले. रविराजच्या गाडीला मागं कॅमेरा आहे. त्यात मांजराचं पिल्लू जरी दिसलं तरी हा खाली उतरून शुक्शुक् करतो. काठी दिसली नाही म्हणाला.

“सॉरी भावा. नवी घिऊ की. काय एवढं.”

एनोसा खाली बसला आणि बारीक ढलप्यासुद्धा वेचून रुमालात बांधल्या. आबांना वाटलं आता हा ऊर बडवून घेईल. एनोसाच्या तोंडावर राग होता, पण कुणी मेल्याची कळा नव्हती. आबांनी ते पाहिलं. त्यांना त्याचा अर्थ लागला नाही, आणि अर्थ विचारून घ्यावा हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

त्याच आठवड्यात एनोसाला दिल्लीहून बोलावणं आलं. त्यानं दोन्ही तुकडे टॉवेलमध्ये गुंडाळून आबांच्या हातात दिले. “आबा, गाडीत चोरी होते. इथं सांभाळा. मी आलो की बघतो.”

“जा बिनघोर. माज्या देवापाशी ठिवतो.”

आबांनी खरंच देवघराच्या खाली ठेवले. आणि तिथूनच घरात कुरबुर सुरू झाली. रविराजच्या बायकोला, प्राजक्ताला, दिवस गेले होते. पहिल्या खेपेचं राहिलं नव्हतं, ही दुसरी खेप. शालनबाई रोज देवघरापाशी बसायच्या आणि उठताना डोळ्याला पदर लावायच्या.

“अवं, घरात गरवार पोर हाय. आन् तुमी खंडित मूरत देवापाशी ठिवलीया. कुटल्या देवाची, कुटल्या मुलखाची, ठावं न्हाई. तिचं काय झालं तर कुनाला पुसायचं?”

“त्येची ठेव हाय शाले.”

“मी कुटं म्हनते उकिरड्यावर टाका? रीतीनं करा. पोर गुणाचं हाय त्ये, त्येचं बी वाईट नको व्हायला. तुटका देव संगं घिऊन एवढ्या लांब जानार, काय भलं होनार त्येचं?”

प्राजक्ता बी.कॉम. झालेली, बँकेत नोकरी करायची. ती म्हणाली, “माझा काही विश्वास नाही आबा. पण आई म्हणतायत तर... उगाच कशाला रिस्क?” विश्वास नसलेल्या माणसांचा या गावात हा एवढाच उपयोग. ऐन वेळी ती बाजूला उभी राहतात आणि रिस्क म्हणतात.

आणि आबांच्या मनात एक गोष्ट उगवली. वाईट माणसानं वाईट केलं तर चार शिव्या देऊन मोकळं होता येतं. आबांनी मायेपोटी केलं, आणि असल्या मायेला शिव्यासुद्धा देता येत नाहीत, म्हणून जास्त चीड येते. त्यांनी ठरवलं की पोराला नवी काठी करून द्यायची. स्टीलची भानगड नाही, अस्सल लाकडाची. गावानं आपल्या देवाचं जे केलं नाही ते आपण या पोराच्या देवाचं करायचं. जुनी मानानं पाण्यात सोडायची, म्हणजे तिच्यातलं सगळं नवीत येईल, आणि पोरगं धडधाकट सातबारा घेऊन घरी जाईल.

ते टॉवेलची गुंडाळी काखेत मारून बसनं चाकणला गेले. गावचा दत्तोबा सुतार तिथं एका शेडमध्ये मशिनरी पाठवायची लाकडी खोकी ठोकतो. भैरोबाची जुनी काठी याच्याच बापानं कोरलेली. दत्तोबाच्या हातात खिळे मारायची हवेची बंदूक होती.

“काय रं दत्त्या, सुतार का शिपाई?”

“या आबा. दिसभर ठो ठो ठो. परवा सपनात भैरोबा आला, म्हनला, दत्त्या, मला बी खोक्यात घाल आन् जर्मनीला धाड, हितं काय राम न्हाई ऱ्हायला.”

आबांनी टॉवेल सोडला. दत्तोबानं बंदूक खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि वरचा तुकडा उचलला. बराच वेळ मिटलेल्या डोळ्यांवरून अंगठा फिरवत राहिला.

“जुनं काम हाय. कुनी क्येलं?”

“आफ्रिकेतल्या सुतारानं.”

“तिकडं बी सुतार हाय व्हय? पोट भरतं का त्येचं?” मग तुटलेली दोन टोकं एकमेकांना लावून बघत तो म्हणाला, “आबा, लाकडाची नस चांगली जुळतीय. आत खुटी घालतो, सरस भरतो, वरनं आवळतो. कळनार बी न्हाई.”

त्या क्षणी आबा हो म्हणाले असते तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

“खंडित जोडत्यात का रं?” आबा म्हणाले. “तू सुताराच्या पोटचा, आन् मला इचारतो जोडू का? खुटी घालून देवाला फसवायचं?”

दत्तोबा ओशाळला. “न्हाई, त्ये बी खरंच हाय.”

शेडमध्ये पाइनच्या फळ्यांचे ढीग होते. दत्तोबानं त्यातली एक नखानं खरवडली. “हे लाकूड न्हाई आबा, बिस्कीट हाय. तुमच्या बैलगाडीचं जू हाय का अजून?” जू माळ्यावर होतं. बैल गेले, गाडी गेली, जू राहिलं होतं. आबांनी ते उतरवून दिलं. त्यावरची बैलांच्या मानेची झीज बघून क्षणभर त्यांचा हात थांबला, पण दिलं.

दत्तोबानं सुट्टीच्या दिवशी कोरायला घेतलं. त्याच्या पटाशीला गंज चढलेला. दगडावर घासून घासून त्यानं तिला धार आणली. मान खाली घालून तो कोरायचा, जेवायला हाक मारली तरी यायचा नाही. काठी झाली तेव्हा आबा बघायला गेले.

डोकं गोल झालं होतं. डोळे टपोरे, उघडे. आणि ओठांवर पिळदार मिशा.

“डोळं उघडं क्येलंस?”

“देवाचं डोळं मिटून कसं चालंल आबा? आंधळा देव कुनाला पावतो?”

“आन् मिशा?”

दत्तोबानं हात पुढं केले, जणू गुन्हा त्यांचा होता. “जल्मभर भैरोबाच कोरला. ह्यास्नी दुसरं तोंड ठावंच न्हाई. मी लई आवरलं. न्हाईच ऐकलं.”

आबांनी काठी उभी धरली, लांब करून बघितली. त्यांना ती आवडली. “रुबाबदार हाय,” ते म्हणाले.

“त्या जागंला तार गुंडाळू का? जुनी सोडवून?”

“नव्या नवरीला जुनी वाकी कशाला? सोनेरी पट्टं मार.”

दत्तोबानं जिथं जिथं तार होती तिथं तिथं सोनेरी रंगाचे पट्टे मारले आणि वरून व्हार्निशचा हात दिला. काठी आरशासारखी चमकायला लागली.

मग जुनी सोडायचा दिवस. आबांनी धुवट धोतर नेसलं. हलगीवाला बोलावला. शालनबाईंनी दोन्ही तुकड्यांना हळदकुंकू लावलं, मिटल्या डोळ्यांवर अक्षता वाहिल्या, नारळ फोडला आणि खरंच रडल्या. “बाबा, तू कुनाचा बी आस, पोराच्या पाठीशी ऱ्हा.” हलगी कडकडली. तुकडे पांढऱ्या कापडात बांधून आबांनी दोन्ही हातांनी डोक्यावर धरले आणि नाचवत पवना नदीवर नेले. ती स्टीलची आल्यापासून आबांच्या हातात काठी नव्हती. सोसायटीच्या बाल्कन्यांतून लोक वाकून बघत होते, कुणी हात जोडत होतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी आबा सुखी होते. आपला गेलेला मान परक्या पोराच्या काठीवर त्यांनी एक दिवस वसूल करून घेतला.

लाकूड तरंगतं आणि किनाऱ्याला लागलं तर कुत्री ओढतात, म्हणून आबांनी कापडाला दगड बांधला. डोहाच्या कडेला जलपर्णीत जरा मोकळी जागा दिसली तिथं गाठोडं सोडलं. पाणी काळं, वर साबणासारखा फेस. बुडबुडे आले आणि थांबले.

संध्याकाळी दिल्लीहून एनोसाचा फोन आला. पासपोर्टचं काम झालं, घरचं तिकीट पण मिळालं. “आबा, सगळं ठीक?”

“सगळं झ्याक! ये तू. तुझ्यासाठी लई मोठं काम करून ठिवलंय.”

एनोसा आला तो स्टेशनवरून थेट घरी नाही. वाटेत पिंपरीच्या बाजारात उतरला होता. पाठीवर बॅग आणि हातात पितळेच्या तारेचं नवंकोरं भेंडोळं. तो हसत होता. शालनबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. आबा नवं धोतर नेसून खुर्चीत बसलेले, मांडीवर लाल कापडात गुंडाळलेली काठी.

“हे काय आनलंस?” आबांनी तारेकडं बघून विचारलं.

“बांधायला. आजच बांधतो. काठी कुठंय?”

आबांनी लाल कापड दूर केलं.

एनोसानं त्या मिशाळ तोंडाकडं पाहिलं. उघड्या डोळ्यांकडं पाहिलं. “हा कोण आहे?”

“तुझी काठी! नवी. बैलाच्या जुवाची हाय, शंभर वर्सं हलनार न्हाई.”

“छान आहे,” एनोसा म्हणाला. त्याला वाटलं, भेट आहे. “आणि माझी?”

“सोडली की. रीतीनं. हलगी लावून. मावशीनं वटी भरली बघ तिची. तिच्यातलं समदं हिच्यात आलंय आता.”

“सोडली म्हणजे?”

“पान्यात. खंडित झाली व्हती न्हवं का.”

एनोसा खाली बसला. तारेचं भेंडोळं हातात तसंच. त्यानं बोटानं हवेत एक जागा दाखवली, काठी तिथं उभी असल्यासारखी. “आबा. इथं तार होती. आजोबाच्या वेळी तुटली, आजोबानं बांधली. इथं तार होती. आम्ही पळालो, नदीत बाबा पडला, तुटली. बाबानं बांधली. आता माझ्या वेळी तुटली. मी बांधणार.” त्यानं भेंडोळं वर केलं. “म्हातारे लोक डोकं बघत नाहीत. डोकं कोण पण कोरतो. तार बघतात. कुठं तुटली, कुणी बांधली. त्याच्यावरून कळतं खरी.”

शालनबाईंनी तोंडाला पदर लावला. आबांच्या मांडीवरच्या काठीवर दोन सोनेरी पट्टे लखलखत होते.

“चल,” आबा उठत म्हणाले, “काढू. मला जागा ठावं हाय. चल.”

दोघं नदीवर गेले. एनोसा कपड्यांनिशी आत शिरला. आबाही शिरले, धोतराचा काचा मारून, छातीएवढ्या घाणीत. जलपर्णी हातानं ओढून काढावी तर दोन हातांवरची आत सरकून यायची. एनोसा बुडी मारायचा आणि काही ना काही घेऊन वर यायचा. प्लास्टरच्या देवीचा हात. टायर. कुणाची तरी फ्रेम केलेली तसबीर. साडीत बांधलेलं एक गाठोडं वर आलं तेव्हा आबा ओरडले, “हीच! हीच!” सोडलं तर आत दुसऱ्याच कुणाचे फुटके देव. सगळ्या शहरानं आपापलं खंडित आणून इथं ओतलेलं. वर पुलावर पोरं मोबाइल धरून उभी होती. “ए कालिया, मगर आहे बघ!” एक ओरडला. आबांनी त्याला आईवरून शिवी दिली. तोही व्हिडिओ झाला.

दुसऱ्या दिवशी परत उतरले. शिफ्ट बुडवून दत्तोबा आला, गळ टाकून बसला. रविराजचा फोन आला, “आबा, बाहेर या, व्हायरल झालाय तुमी, माझी इज्जत चाललीय.” वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं, डोह वाढला. दुपारी एनोसा आपणहून बाहेर आला आणि दगडावर बसला. अंगभर काळा गाळ. थंडीनं दात वाजत होते.

आबा त्याच्यापुढं हात जोडून उभे राहिले. “पोरा, ही नवी घिऊन जा. म्हनावं हीच हाय. गुंडाळ तुझी तार तिच्यावर. कोन बघतंय?”

एनोसानं मान वर केली. “काका म्हणतो, पोरगा खोटी काठी करून आणणार. सगळ्यांना सांगून ठेवलं त्यानं. तुम्ही खोटी काठीच करून दिली, आबा.”

आबांचे जोडलेले हात तसेच राहिले.

“माझ्याकडं फोन होता,” एनोसा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “दिल्लीत रोज फोन होता. मला का नाही विचारलं?”

दत्तोबा गळ गुंडाळू लागला. त्याला दुसरीकडं बघायला काहीतरी पाहिजे होतं. आबांनी उत्तर शोधलं. देव शोधला, रीत शोधली, सुनेचं पोट शोधलं. त्यातलं काहीच त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. विचारायचं असतं, हे त्यांना सुचलंच नव्हतं. जमीन घेताना कुणी विचारलं नव्हतं, स्टीलची काठी आणताना कुणी विचारलं नव्हतं. न विचारता चांगलं करायचं असतं, हेच त्यांनी आयुष्यभर बघितलेलं.

एनोसा दोन दिवसांनी गेला. घरी नाही. तिकीट होतं, ते वाया गेलं. रिकाम्या हातानं त्या म्हाताऱ्यांपुढं बसून काय बोलणार? दिल्लीत कुणी गाववाला आहे, त्याच्याकडं जातो म्हणाला. शालनबाईंच्या पाया पडला. आबांकडं बघून मान हलवली, आणि जिना उतरला. तारेचं भेंडोळं वरच्या खोलीत खिळ्याला अडकवलेलं राहिलं.

खोली रविराजनं लगेच टँकरच्या ड्रायव्हरांना दिली. खालच्या गाळ्यात त्याचं जनसंपर्क कार्यालय निघालं. दारावर मोठा फ्लेक्स, स्टीलची काठी धरून हसणारा रविराज. फ्लेक्सचा कोपरा वाऱ्यानं फडफडायचा, तर त्याच्या कार्यकर्त्या पोरांनी वरच्या खोलीतली पितळेची तार आणून तो ग्रिलला घट्ट आवळला. ऑफिसचं शटर जड, हात पोचत नव्हता. कोपऱ्यात दत्तोबाची काठी दिसली. मजबूत होती, जुवाचीच ती. खालच्या टोकाला लोखंडी हुक ठोकला. ओढताना वरचं डोकं छातीत टोचायचं, म्हणून एकानं करवतीनं ते कापून टाकलं.

आबा दारात बसलेले असतात. दिवसातून दोनदा शटर खालीवर होतं, तेव्हा ते दुसरीकडं तोंड करतात.

मिशाळ डोकं गटारीच्या कडेला पडलं होतं. शालनबाईंनी उचलून आणलं, पदरानं पुसलं आणि आबांसमोर धरलं. उघड्या डोळ्यांत माती बसली होती.

“अवं, हे बी खंडित झालं. प्राजक्ताचं दिस भरत आलंत. सोडून येता का?”

“आदी इचार,” आबा म्हणाले.

“कुनाला इचारू?”

आबांनी खिशातून फोन काढला. बोटानं एनोसाचं नाव शोधलं, लावला, कानाला धरला. बंद होता. रोज बंदच असतो.